बूट फाटेपर्यंत

"मिळालेली वस्तू आधी जपायची, मग वापरायची. कळलं?"

सासूबाईंना जाऊन सात वर्षे झाली होती, पण त्यांचा हा आवाज काही घरातून गेला नव्हता. थोरली नवी सून म्हणून आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने कोरी कळशी विहिरीच्या काठावर आपटून तिला पोचा आणला होता. सासूबाई ओरडल्या नाहीत. पोच्यावरून अंगठा फिरवत त्या तेवढेच बोलल्या. ओरडल्या असत्या तर थोरली एव्हाना विसरूनही गेली असती. तेव्हापासून घरात काही नवे आले, की ते आधी वरच्या फळीवर चढे, आणि जुने अगदीच मोडीत निघाल्यावर खाली उतरे.

म्हणून विद्यापीठाच्या बाईंनी दिलेले बूट घेऊन ती घरी आली तेव्हा तिने ते आधी फळीवर ठेवले, आणि मग जमिनीवर बसून त्यांच्याकडे पाहत राहिली. काळेभोर, पोटरीच्या निम्म्यापर्यंत येतील एवढे उंच, आत मऊ कापडाचे अस्तर. एवढी चांगली वस्तू तिच्या पायासाठी कुणी मुद्दाम केली होती, हेच तिला खरे वाटत नव्हते.

पायाचे म्हणाल, तर मिठागरातल्या माणसाचे पाय ही दाखवायची गोष्ट नव्हे. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभे राहून तळव्याची कातडी आधी पांढरी होते, मग लाकडासारखी टणक, मग तिला भेगा पडतात आणि भेगांत मीठ बसते. पहिली दोन-तीन वर्षे आग होते. पुढे काहीच होत नाही, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. थोरलीच्या नवऱ्याला उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागे, नाण्याएवढी जखम झाली ती त्याला कळलीच नाही. घरातल्या जमिनीवर डाग पडलेला पाहून तिनेच त्याला खाली बसवले आणि पाय उचलून पाहिला.

लांब टांगांचा माणूस. वाफ्यातल्या पाण्यात एका पायावर भार देऊन उभा राही, म्हणून सारे मिठागर त्याला बगळा म्हणे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, पायाला पाणी लागता कामा नये. बगळा म्हणाला, "बरं. माशालाही सांगतो, सर्दी झालीय तर पाण्याबाहेर राहा म्हणून." डॉक्टर हसले नाहीत. जखम हाडापर्यंत गेली तर पाय वाचणार नाही, असे त्यांनी थोरलीकडे बघून सांगितले. त्याच्याकडे बघून सांगण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

त्याच हंगामात विद्यापीठाच्या बाई आल्या. चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी. विद्यापीठ आणि बुटांचा कारखाना मिळून मिठागरासाठी बूट करणार होते; मिठाने पायाचे काय होते ते विद्यापीठाला ठाऊक, रबराचे काय होते ते कारखान्याला. बाईंनी शेडमध्ये सगळ्यांना बसवले, स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि एकेकाचा पाय मांडीवर घेऊन मोजू लागल्या. लोकांनी त्यांचे नाव लगेच 'पायवाल्या बाई' ठेवले.

थोरलीची पाळी आली तेव्हा तिने पाय आखडून घेतला. शिकलेली बाई आपला पाय हातात घेते, तोही असला, भेगांत काळे भरलेला. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाईंनी पाय हलकेच ओढून घेतला, टाचेवर बोट दाबून विचारले, इथे दुखतं का. दुखत नाही, म्हणाली ती. बाईंनी ते लिहून घेतले आणि पाय खाली ठेवताना असा ठेवला, जसे कुणी भरलेले भांडे ठेवते.

त्या एका ठेवण्याने थोरली बांधली गेली.

तिने धीर करून नवऱ्याचे सांगितले. त्याला आधी द्या, माझं काय, मी निभावते. बाईंनी बगळ्याचा पाय पाहिला आणि हलकेच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मावशी, जखमेच्या पायावर नवी वस्तू आजमावता येत नाही. आधी तुम्ही बाराजणी तीन महिने घाला. तुमच्या पायांवर टिकले, की सगळ्यांसाठी होतील. पहिला जोड यांचा."

बूट तयार होऊन आले तेव्हा बाईंनी सोबत एकेक कार्ड दिले. रोजच्या तारखेपुढे तीन तोंडे छापलेली: एक हसरे, एक सरळ, एक पडलेले. बूट चांगले वाटले तर हसऱ्यावर खूण, नाहीतर पुढची.

थोरलीच्या धाकट्या जावेलाही एक जोड मिळाला होता. ती कार्ड उलटसुलट करून म्हणाली, "पडलेल्या तोंडासाठी कागद कशाला लागतो, जाऊबाई? मुकादमाला बघायचं की."

*

पहिल्या दिवशी थोरलीने बूट घातले. आधी तिने नेहमीसारखे पूर्वेकडे तोंड करून हात जोडले. हा तिचा नेम होता, लग्नाआधीपासूनचा: हात जोडल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही. मागणे काही नसे. आजचा दिवस खोटेपणाविना जावो, एवढेच आईने शिकवलेले शब्द.

मग ती वाफ्यात उतरली आणि तिला एकदम आंधळे झाल्यासारखे वाटले.

ज्याने मीठ ओढले नाही त्याला हे सांगून समजत नाही. वाफ्याच्या तळाशी मिठाचा थर बसतो, त्याखाली चिखल. दंताळे थरावरून ओढायचे, चिखलाला लागू द्यायचे नाही. लागले की मीठ मातकट झाले आणि वेगळ्या ढिगात गेले. आता थर कुठे दोन बोटे आहे आणि कुठे अर्धे, हे डोळ्यांना दिसत नाही. वर पाणी, पाण्यावर ऊन. ते तळव्याला कळते. आग गेली, दुखणे गेले, तरी हे एवढे तळवा विसरत नाही. जाड थर कुरकुरतो, पातळ थर पायाखाली नुसता दबतो. बुटाच्या जाड तळातून तिला काहीच कळेना. तासाभरात तिने तीन टोपल्या मातकट केल्या. मुकादमाने सगळ्यांदेखत टोपली पालथी केली आणि म्हणाला, "बूट घातले म्हणजे मडमीण झालीस काय? मिठात माती कालवतेस."

ती बांधावर आली. बूट काढले, गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुतले, पदराने पुसले, फडक्यात गुंडाळले, आणि अनवाणी उतरली.

संध्याकाळी हातपाय धुऊन ती कार्ड घेऊन बसली. पडलेल्या तोंडावर पेन्सिल नेली. पण डोळ्यापुढे आला तो बाईंचा हात, टाचेखाली धरलेला. एवढ्या मायेने दिलेल्या वस्तूला वाईट कसे म्हणायचे? आणि वाईट म्हटले तर बूट होणारच नाहीत. बगळ्याचा पहिला जोड राहील वाऱ्यावर. आपल्याला जमले नाही म्हणून काय झाले, जमेल की हळूहळू. सासूबाईंचाही आवाज आलाच. तिने हसऱ्या तोंडावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी तिने हात जोडले, बूट न्यायचे म्हणून फडक्यात गुंडाळून नेले आणि तसेच परत आणले. तिसऱ्या दिवशी नेलेच नाहीत. खूण मात्र रोज केली. नव्वद दिवस, नव्वद हसरी तोंडे. नेमाने.

धाकटीने तर तिचा जोड पहिल्यापासूनच चांगल्या भांड्यांशेजारी मांडला होता. तिच्याकडे पाहुणे आले, की ते तिकडे बघत.

तीन महिन्यांनी बाई आल्या, सोबत कारखान्याचे साहेब. येणार हे आधी कळले होते, त्यामुळे बाराजणींनी बूट चढवले होते आणि बांधावर चार पावले चालूनही दाखवली. साहेबांनी एक जोड हातात घेऊन उलटा केला. ते खूश झाले. "बघा बाई, एक ओरखडा नाही. मिठाच्या बापाला दाद देणार नाहीत." बाईंच्या कपाळावर बारीकशी आठी आली. त्यांनी थोरलीला विचारले, रोज घालता ना? थोरली म्हणाली, हो. बाई आणखी काही विचारणार होत्या, पण साहेबांनी घड्याळ पाहिले. कारखान्यात साचे तयार होते, पुढच्या हंगामाची तारीख ठरली होती.

त्या रात्रीचे जेवण थोरलीला गेले नाही. पण ठरल्याप्रमाणे सगळे होणार होते, आणि पहिला जोड बगळ्याचा होता.

*

पुढल्या हंगामात बूट आले, सगळ्या मिठागराला पुरतील एवढे. बाईंनी बगळ्याचा जोड स्वतः आणून दिला. उजवा जखमेपुरता आत रुंद केलेला. बगळ्याने तो घालून शेडभर येरझारा घातल्या. "आता मला बदक म्हणा," म्हणाला.

त्याने बूट खरेच घातले. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्याचे काम दंताळ्याचे नव्हते. तो झडपा उघडून पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडी, त्यामुळे तळव्याला थर कळला नाही तरी अडत नव्हते. पहाटे घाली तो संध्याकाळी काढी, आणि बूट दारात वाऱ्याकडे तोंड करून वाळत ठेवी. थोरली रोज जखम बघायची. पंधरा दिवस जखम कोरडी होती. तिला वाटले, चला, आपले खोटे देवाने पोटात घातले.

मग चार दिवस मोठ्या भरतीचे आले, झडपांवर खोळंबा झाला, आणि तो घरी येताच बसल्या जागी झोपू लागला. त्या चार दिवसांत तिने जखम पाहिली नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती भाकरतुकडा घेऊन बांधावर गेली तेव्हा तो टेकून बसला होता, आणि तिला वास आला.

तिने बूट ओढून काढला. आतून पाणी आले, तांबूस. टाचेपाशी जिथे रबर आणि वरचा भाग शिवलेला होता तिथला दोरा तुटून फट पडली होती, आणि फटीच्या आतल्या बाजूने मिठाचे खडे करवतीच्या दातांसारखे उभे राहिले होते. टाच सोलून निघाली होती. जुनी जखमही उघडली होती, आणि तिच्यापुढची दोन बोटे निळी पडली होती.

"काय गं?" बगळा म्हणाला. "एवढं काय बघतेस?"

त्याला काहीच कळले नव्हते.

दवाखान्यात दोन बोटे काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेत, पाय राहिला. घरी आल्यावर बगळा उंबऱ्याजवळ पाय उशीवर टाकून बसू लागला. लोक विचारायला येत तेव्हा तो म्हणे, बगळ्याला तशीही चारच बोटं असतात, माझी तीन, एक उधार. लोक हसत. थोरली आत भांडी घासत राही. तिला ठाऊक होते की दोरा मिठाने तोडला नव्हता. एका पेन्सिलीने तोडला होता.

*

आणखी दहा-बारा जोड टाचेपाशी उसवले, तेव्हा साहेब आणि बाई पुन्हा आले. या वेळी त्यांच्यासोबत कारखान्यातले एक म्हातारे साचेवाले होते; चाळीस वर्षे बुटांचे साचे करत आलेले, बोटांची पेरे रबराने काळी झालेली. सगळे शेडमध्ये पोत्यांवर बसले. बगळा कुबडी घेऊन आला आणि दाराशी उभा राहिला. सवयीने एका पायावरच.

साहेब रागात नव्हते, पण त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांनी सांगितले, की तीन महिन्यांच्या चाचणीत एकही तक्रार नव्हती. म्हणजे बूट चांगले होते. वापरात हयगय झाली, कुणी दंताळ्याने ओढले असेल, कुणी उन्हात तापवले असेल. कारखान्याला यापुढे हे काम चालवता येणार नाही. विद्यापीठाशी झालेला करार इथेच थांबेल.

बाईंनी पिशवीतून बारा कार्डे काढून मांडीवर ठेवली होती. त्या हळू म्हणाल्या, "बारा बायका, नव्वद दिवस. एकही पडलेलं तोंड नाही. एवढं सुख मी कुठल्याच घरात पाहिलेलं नाही." त्यांनी मान वर केली नाही.

थोरली उठली. मुकादम म्हणाला, बस खाली, बोलणं चाललंय. ती बसली नाही. ती शेडबाहेर गेली, आणि लोकांना वाटले, नवऱ्याचे दुःख सहन होईना म्हणून गेली.

घर चारशे पावलांवर होते. फळीवरून गाठोडे काढताना तिचा हात थांबला. आता गप्प राहिले तर कुणाला कधी कळणार नव्हते. बूट वाईट निघाले, साहेब गेले, बाई गेल्या, एवढ्यावर गोष्ट संपत होती, दोष मिठाचा. तिने रोजच्यासारखे हात जोडले, आणि तिला आठवले, की गेल्या वर्षी नव्वद दिवस याच हातांनी खोटी खूण केली होती. तिने गाठोडे उचलले.

शेडमध्ये येऊन तिने ते बाईंसमोर सोडले. बूट कोरे होते. आत छापलेला आकडासुद्धा पुसला नव्हता.

"हे मी घातलेच नाहीत, बाई," ती म्हणाली. "एक दिवस, तोही तासभर. पायाला मीठ कळेना. टोपल्या मातकट झाल्या, मी काढून ठेवले. कार्डावर खोटं लिहिलं. रोज."

बाहेर पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखे ऐकू येत होती. मग धाकटी आपल्या जागेवरून म्हणाली, "माझे भांड्यांजवळ आहेत. आणू का?" आणि तिच्यामागून दुसरी, तिसरी. बाराजणींपैकी दोघींनी काय ते बूट आठवडाभर घातले होते.

साहेब उभे राहिले. "अहो पण सांगायचं ना. आम्ही विचारायला आलो नव्हतो का? एवढं काय अवघड होतं?"

तिने दाराकडे पाहिले. बगळा तिच्याकडेच बघत होता. तो ओरडला असता, कुबडी फेकली असती तर तिला सोसले असते. तो नुसता बघत होता, जसा पाणी किती चढलेय ते बघतो तसा.

उत्तर बाईंनी दिले. "मी यांचा पाय मांडीवर घेतला, बूट हातात दिले, आणि मग विचारलं, कसे वाटतात. कोण वाईट म्हणेल, साहेब? आणि बुटांचे कोरे तळ मलाही दिसले होते. तुम्ही घड्याळ पाहिलंत, मी गप्प बसले. माझंही एक हसरं तोंड त्यात धरा."

साचेवाल्यांचे कुणाकडे लक्ष नव्हते. त्यांनी बगळ्याचा उसवलेला बूट मागून घेतला होता. फटीतला खडा नखाने काढून त्यांनी जिभेवर ठेवला, दोरा चिमटीत चुरला. मग बाईंना म्हणाले, की बूट रोज वाळतो ना, तिथेच घात आहे. ओला असतो तोवर मीठ पाण्यात असतं. वाळला की शिवणीत खडा धरतो, रोज थोडा मोठा होतो, आणि आतून दोरा कापतो. कारखान्यात आम्ही बूट महिनाभर खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवला होता. वाळवला एकदाही नाही. बाईंनी ते वहीत लिहिले, आणि लिहिता लिहिता थांबून थोरलीला विचारले, "मावशी, पायाला मीठ कळतं म्हणजे काय, ते मला दाखवाल?"

*

दुसऱ्या दिवशी बाई अनवाणी वाफ्यात उतरल्या. पहिल्या घटकेतच त्यांचे ओठ घट्ट मिटले. कोवळे तळवे, मीठ लागत होते. थोरली त्यांच्यापुढे एक पाऊल. इथे दाबा. आता इथे. फरक कळला? नाही कळला. पुन्हा दाबा, टाचेने नाही, चवड्याने. बांधावर साचेवाले बसून दोघींच्या पायांकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "पातळ आहे इथे." थोरलीने दंताळे घालून पाहिले. होता पातळ.

साहेबांनी करार फाडला नाही. एक हंगाम आणखी, असे म्हणून गेले. जाताना बगळ्यासमोर थांबले, आणि मान लववून गाडीत बसले.

घरात आठ दिवस बगळा बायकोशी कामापुरतेच बोलला. पाणी दे. कुबडी सरकव. तिने समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. ती रोज त्याचा पाय उकळून गार केलेल्या पाण्याने धुई, पुसे, पट्टी बांधे. नवव्या दिवशी पट्टी बांधून होत असताना तो म्हणाला, "हे तरी खरं सांग. पाय कसा आहे?"

ती म्हणाली, "बोटांकडचं भरलंय. टाच अजून ओली आहे. मला भीती वाटते."

"हं," तो म्हणाला. मग पट्टीची गाठ चाचपत म्हणाला, "असंच सांगत जा."

*

नवे बूट यायला वर्ष लागले. मध्ये दोनदा आले आणि दोनदा परत गेले. एकाचा तळ दुपारपर्यंत फाटला, दुसरा चिखलात रुतला की पाय वर येई आणि बूट खाली राही. आता जो आला त्याला शिवण नव्हती, सबंध एका ओतीव रबराचा. अस्तर मोज्यासारखे बाहेर निघायचे, रोज गोड्या पाण्याने धुवायचे. आणि चवड्याखाली तळ पातळ, तळहाताच्या कातडीइतका, बाकी सगळीकडे जाड.

बाईंनी तोंडांचे कार्ड आणले नव्हते. नुसती एक वही. बूट कुठे फाटला, कुठल्या दिवशी काढून ठेवला आणि का, एवढेच लिहायचे. त्यांनी बूट थोरलीच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "मावशी, हे मला फाडून द्या. जितक्या लवकर फाटतील, जिथे फाटतील, तेवढं मला कळेल. तुमच्या यजमानांचा जोड त्यानंतर."

थोरलीने बूट घेतले. "फाटेपर्यंत घालीन," ती म्हणाली. "पायाची शपथ."

सकाळी ती उठली तेव्हा अजून ऊन यायचे होते. बगळा उंबऱ्यात बसला होता, पाय उशीवर, कुबडी भिंतीला. टाच भरली होती, पण पाण्यात उतरायची परवानगी नव्हती. तो मिठागराकडे बघत होता. पांढरे वाफे राखाडी दिसत होते, दूर झडपेवर दुसरेच कुणी वाकले होते, आणि त्याने पाणी जरा उशिरा सोडले असे बगळ्याला वाटले असावे, कारण त्याने जीभ टाळ्याला लावून च्‌ केले.

तिने फळीवरून बूट काढले. नवे रबर अजून चकाकत होते. हात आपोआप पदराकडे गेला, पुसायला. तो तिने मागे घेतला.

"सासूबाई," ती हळूच म्हणाली, "एवढी एक वस्तू मला मोडू द्या."

"कुणाशी बोलतेस?" बगळ्याने विचारले.

"तुमच्या आईशी."

"काय म्हणतात?"

"नाही म्हणाल्या नाहीत."

तिने बूट घातले, पूर्वेकडे तोंड करून हात जोडले, आईने शिकवलेले शब्द सबंध म्हटले, आणि दंताळे खांद्यावर टाकून बांधाची वाट धरली. वाटेत चिखलाचा खड्डा आला. एरवी ती वळसा घालून जाई. आज तिने त्यातच पाऊल टाकले.